आपल्या घरचे मांजर

दिवाळी झाली की आपल्या मावळात भाताची कापणी उरकते. खळ्यावर झोडणी होते. भात उफणतात, वाळवतात आणि घरात आणतात. आंबेमोहोर असो की आपल्या वडगावच्या संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी असो, चार महिने चिखलात राबून पिकवलेले ते धान्य कणगीत पडले की घरच्या बाईचा जीव खाली बसतो. पण त्याच रात्री माळ्यावर खुडखुड सुरू होते. धान्य घरात आले, हे उंदराला कोणी सांगावे लागत नाही.

मग लोक मांजर शोधू लागतात. "तुमची मांजरी व्याली का? एखादं पिल्लू द्या की," असे निरोप या वाडीतून त्या वाडीत जातात. पिल्लू येते. चार दिवस पोरे त्याला मांडीवर घेऊन बसतात. पाचव्या दिवशी घरातले कोणी वडीलधारे माणूस हुकूम सोडते, "त्याला खायला घालू नका. पोट भरलं तर ते उंदीर कशाला धरंल?"

हा हुकूम मी पुष्कळ घरांत ऐकला आहे. मी स्वतःही तो एकदा सोडला होता. तो चुकीचा आहे. का चुकीचा आहे, ते आज पाहू.

मी मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. शाळेत मुलांच्या खिचडीचा तांदूळ यायचा. त्याची पोती एका जुन्या कौलारू खोलीत ठेवलेली असत. उंदरांनी पोत्यांना भोके पाडली. तांदळात लेंड्या दिसू लागल्या. नुकसान होते ते तर झालेच, पण मला भीती वेगळीच होती. उंदराच्या मुतातून माणसाला लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप येतो. हा ताप कधी कधी जिवावर बेततो. तांदूळ लहान मुलांच्या ताटात जायचा होता आणि नोंदवहीवर सही माझी होती. तेव्हा आम्ही एक मांजरी आणली. मी ऐटीत सांगितले, "हिला कोणी काही घालायचे नाही. रात्री खोलीत कोंडायची."

पहिल्या आठवड्यात तिने दोन उंदीर धरले. मी खूश झालो. पुढच्या आठवड्यात ती कौलातून निसटली आणि गेली. कुठे गेली? मुलांनी शोध लावला. रस्त्याच्या कडेला एक ढाबा होता, तिथे बाकाखाली बसून ती माशांची मुंडकी खात होती. खिचडी शिजवणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "गुरुजी, गडी ठिवायचा अन् त्याला जेवू घालायचं न्हाई, मग तो ऱ्हाईल का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मांजरी परत आणली. मावशी तिला सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे घालू लागल्या. ती राहिली. आम्ही भिंतीची बिळे काचा आणि सिमेंट घालून बुजवली. पोती जमिनीवरून उचलून फळ्यांवर ठेवली, भिंतीपासून हातभर लांब. दोन-तीन महिन्यांत खुडखुड थांबली. सगळे श्रेय मांजरीला देणार नाही. पण बिळे बुजवल्यावर नवे उंदीर आत आले नाहीत, ते तिच्यामुळे.

हीच गोष्ट एका मोठ्या शास्त्रज्ञाने आपल्या आधी तपासून पाहिली आहे. चार्ल्स एल्टन हे त्याचे नाव. इंग्लंडातल्या शेतवाड्यांवर उंदीर आणि मांजरे यांचा त्याने अभ्यास केला आणि १९५३ साली तो प्रसिद्ध केला. त्याला काय दिसले? जिथे उंदीर आधीच बोकाळले आहेत, तिथे नुसती मांजरे सोडून उंदीर संपत नाहीत. पण एकदा उंदीर दुसऱ्या उपायांनी काढून टाकले आणि मग मांजरे ठेवली, तर बाहेरचे उंदीर पुन्हा वस्तीला येत नाहीत. मात्र एक अट आहे. मांजरांना रोज काही खायला मिळाले पाहिजे. म्हणजे ती वाड्याच्या आसपास राहतात. उपाशी मांजर दूर दूर भटकते आणि आपले धान्य उघडे पडते.

आता तुम्ही म्हणाल, "खाऊन सुस्तावलेले मांजर उंदराच्या मागे धावेल कसे?" धावते. मांजराची शिकार आणि मांजराची भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोट भरलेल्या मांजरापुढे दोरीचे टोक हलवून पाहा. ते लगेच दबा धरते. हलणारी लहान वस्तू दिसली की झडप घालायची, हे त्याच्या रक्तात आहे. भूक नसली तर ते उंदीर मारील आणि टाकून देईल, किंवा तुमच्या उंबऱ्यावर आणून ठेवील. भुकेले मांजर काय करते? ते आधी सोपे अन्न शोधते. शिंक्यावरचे दूध सोपे, शेजारणीच्या घरचा मासा सोपा, कोंबडीचे पिल्लू सोपे. उंदीर धरायला तासभर बिळापाशी बसावे लागते. रिकाम्या पोटी इतका धीर कोणाला असतो?

मांजर माणसाकडे आले ते मुळी धान्यामुळेच. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला. गहू-जव साठवू लागला. साठा झाला तसे उंदीर आले आणि उंदरांच्या मागोमाग रानमांजरे आली. माणसाने कुत्रा पाळला, गाय पाळली. मांजराचे तसे नाही. ते आपणहून वस्तीच्या कडेला आले आणि माणसाने त्याला हाकलले नाही. सायप्रस नावाच्या बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक थडगे सापडले. २००४ साली त्याची माहिती जगाला कळली. त्यात माणसाच्या शेजारी, हातभर अंतरावर, एक मांजर पुरलेले होते. त्या बेटावर मुळात मांजरे नव्हती. म्हणजे कोणीतरी ते होडीत घालून नेले असले पाहिजे. इतक्या जुन्या काळीही कोणाचा तरी त्याच्यावर जीव होता.

आपल्या रानातही मांजराची भावंडे आहेत. डोंगराच्या कडेला, उसाच्या आणि भाताच्या शेतात रानमांजर फिरते. कापणीच्या वेळी कधी त्याची पिल्ले सापडतात. ती घरी आणू नका. आई जवळच असते. आपण बाजूला झालो की ती येऊन घेऊन जाते. शिवाय रानचा प्राणी धरणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि जुन्या वाड्याच्या माळ्यावर रात्री धावते ते उदमांजर हे मांजरच नव्हे. नाव तसे पडले आहे इतकेच. त्याची जात निराळी. ते फळेही खाते.

आपले मांजर मात्र पक्के मांसाहारी आहे. त्याचे शरीरच तसे घडलेले आहे. त्याच्या तोंडात तीस दात असतात, आपल्याला बत्तीस. पण आपल्यासारख्या दळणाऱ्या दाढा त्याला नाहीत. त्याचा जबडा फक्त वरखाली होतो, आडवा फिरत नाही. ते तोडते आणि गिळते. जिभेवर उलटे काटे असतात. त्यांनी ते हाड खरवडते आणि अंगही विंचरते. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी अठरा नखे असतात. चालताना ती आत ओढलेली असतात, म्हणून झिजत नाहीत आणि वाजतही नाहीत. कुत्रा फरशीवरून चालला तर टकटक होते, मांजराची चाहूल लागत नाही. आपल्याला दिसायला जेवढा उजेड लागतो, त्याच्या सहाव्या हिश्श्यात मांजराचे भागते. पण अगदी काळोखात त्यालाही दिसत नाही. तिथे मिशा कामाला येतात. आणि कान तर विचारू नका. उंदीर एकमेकांशी इतक्या बारीक आवाजात बोलतात की तो आपल्याला ऐकूच येत नाही. मांजराला तो ऐकू येतो. ते कणगीपाशी नुसतेच बसलेले दिसते तेव्हा आपण त्याला आळशी म्हणतो. ते खरे म्हणजे ऐकत असते.

दिवसातले बारा-चौदा तास ते झोपते हेही खरे आहे. शिकारी प्राण्याची तीच रीत. पहाटे आणि तिन्हीसांजेला उंदीर बाहेर पडतात, त्याच वेळी मांजर जागे असते.

आता खाण्याचे पाहू. आपल्याकडे मांजराला काय घालतात? दुधात कुस्करलेली भाकरी, ताकभात, उरलेली आमटी. मांजर ते खाते, कारण दुसरे काही नसते. भाकरीने पोट भरते पण अंगाला लागत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराला लागते. ते मांसात आणि माशांत असते, धान्यात नसते. कुत्र्याचे शरीर ते स्वतः तयार करते. मांजराला ते पुरेसे करता येत नाही. ते वर्षानुवर्षे मिळाले नाही तर मांजर आंधळे होते, त्याचे हृदय दुबळे होते. आपल्याला गाजरातून, पालेभाजीतून अ जीवनसत्त्व मिळते. मांजराला तेही तसे मिळत नाही, मांसातूनच मिळते. ज्या मांजराला उंदीर, सरडे, नाकतोडे पोटभर मिळतात त्याची ही सोय आपोआप होते. उंदीर हे मांजराचे पुरे जेवण आहे.

गोडाची तर मांजराला चवच कळत नाही. त्याच्या जिभेत गोडाची जाण नाही, हे २००५ साली नक्की समजले. लोणावळ्याची चिक्की त्याच्यापुढे टाकून पाहा. हुंगेल आणि निघून जाईल.

आणि दूध? मांजर आणि दूध यांची जोडी आपण लहानपणापासून ऐकतो. पण आईचे दूध सुटले की पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही. त्यांना हगवण लागते. आवडते म्हणून पितात, एवढेच. थोडे दिले आणि त्रास झाला नाही तर हरकत नाही. पण दूध म्हणजे जेवणही नव्हे आणि पाणीही नव्हे. पाण्याची वाटी वेगळी ठेवा. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. त्यांना कमी पाण्यावर राहायची सवय आहे. त्यामुळे त्यांची लघवी घट्ट असते, आणि बोक्यांची ती कधी कधी अडते. बोका वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबही पडत नाही असे दिसले, तर त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्या. दोन दिवस वाट पाहिली तर तो मरतो.

मग घालायचे काय? रोज मटण कोण घालणार? तशी गरज नाही. बाजारातून मासे आणले तर मुंडकी आणि आतडी शिजवून भातात मिसळा. कोंबडी कापली तर काळीज, आतडी स्वच्छ करून शिजवून द्या. शिजवलेली हाडे देऊ नका, त्यांच्या कपच्या घशात रुततात. उकडलेले अंडे चालते. सुकट-बोंबील द्यायचे तर आधी भिजवून खारट पाणी टाकून द्या. मांजराला एका वेळी फार लागत नाही. उंदराएवढा घास, दिवसातून दोन-तीन वेळा.

आपल्या मावळात माळकरी घरे पुष्कळ. देहू-आळंदी जवळ आहेत. माळकऱ्याच्या घरात अंडेही यायचे नाही, मग मांजराचे काय? मी त्यांना एवढेच सांगतो की तुमची माळ तुमच्या गळ्यात आहे, मांजराच्या नाही. त्याला थोडे दूध-भात द्या, बाहेर मोकळे सोडा आणि त्याने उंदीर आणला तर रागावू नका. माझ्या शेजारच्या माळकरी आजी उंदीर तोंडात घेतलेल्या मांजरीला "जा बाई, मागच्या दारी जा" असे म्हणून वाट करून देतात. मला हे शहाणपणाचे वाटते. मात्र मांजराला घरात कोंडून नुसत्या भाकरीवर ठेवणे बरे नाही.

कांदा आणि लसूण मांजराला विषासारखे आहेत. त्यांनी त्याचे रक्त बिघडते. म्हणून फोडणीची आमटी घालू नका. मांजर तापले तर आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरू शकते. आणि गाई-म्हशींच्या किंवा कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडांचे औषध मांजराच्या अंगाला लावू नका. पिसवा झाल्या म्हणून लोक ते लावतात, मांजर झटके देऊन मरते आणि लोक म्हणतात, "कसली तरी नजर लागली."

विषाची गोष्ट निघाली म्हणून उंदराच्या औषधाविषयी सांगतो, कारण आपल्याकडे मांजरे मरतात ती पुष्कळदा याने. भाताच्या बांधावर झिंक फॉस्फाइड घालतात. ते काळसर औषध पिठात कालवून बिळापाशी ठेवतात. घरात ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवतात. ही दुसरी वडी खाऊन उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस तो लडबडत फिरतो. असा उंदीर धरायला सोपा. भुकेले मांजर तोच आधी धरते आणि पुरा खाते. उंदराच्या पोटातले विष मांजराच्या पोटात जाते. काही दिवसांनी मांजराच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते.

माझ्या घरची एक मांजरी अशीच गेली. औषध मी ठेवले नव्हते, कोणी ठेवले ते मी शोधत बसलो नाही. तिच्या मागे तीन पिल्ले होती, त्यांतले एक जगले. तेव्हा दवाखान्यात न्यायचे मला सुचले नाही. वड्यांच्या विषावर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, वेळेत नेले तर मांजर वाचू शकते, हे मला नंतर कळले.

म्हणून घरात मांजर असेल तर वडी ठेवू नका. सापळा लावा. शेतात औषध घालणार असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगा, औषध बिळात खोल घाला आणि मेलेले उंदीर सकाळी गोळा करून खोल पुरा. घुबडेही त्याने वाचतील. गव्हाणी घुबड रात्रीत कित्येक उंदीर मारते. आपण त्याला अशुभ म्हणून दगड मारतो, हा आणखी एक अडाणीपणा.

मांजराकडून काय होत नाही, तेही सांगितले पाहिजे. घूस त्याच्याकडून होत नाही. मोठी घूस उलटून चावते. मांजर तिच्या वाटेला जात नाही. ते चुंचुंद्र्या उंदरावर, घरउंदरावर आणि घुशीच्या पिल्लांवर हात मारते. घुशीसाठी पिंजराच हवा. बिळे खणून काढली तर आत साठवलेले भात सापडते.

मागे प्लेग आला होता तेव्हाही मांजराची आठवण झाली होती. १८९६ मध्ये मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात प्लेग पसरला. गावेच्या गावे रानात झोपड्या बांधून राहिली. आपल्या पणज्या त्या सांगत असत. उंदीर पडले की प्लेग आला असे समजत. पुढे अमरावतीकडे बुकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर होते. त्यांनी गावोगाव घरे आणि मांजरे मोजायला लावली. ज्या गावांत बहुतेक घरी मांजर आहे तिथे प्लेग कमी, असे त्यांना आढळले. १९०८ च्या सुमारास त्यांनी हे विलायतेच्या वैद्यकीय पत्रात लिहिले आणि घरोघर मांजर पाळा असा सल्ला दिला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, पण ते पुरे नव्हते. प्लेग उंदराच्या पिसवांतून येतो, आणि मांजरालाही तो होतो. आज प्लेगवर औषधे आहेत. तरी उंदीर एकाएकी मरून पडू लागले तर त्यांना हात न लावता आरोग्य केंद्रात कळवावे.

मांजराचे बोलणे ओळखायला शिकले तर पुष्कळ ओरखडे वाचतात. शेपूट सरळ वर करून येते तेव्हा ते खुशीत असते. बसल्या बसल्या शेपूट आपटू लागले की त्याला राग येत आहे. कुत्रा शेपूट हलवतो तो आनंदाने, मांजर हलवते ते रागाने. पोरांना हे नेमके उलटे वाटते. कान मागे पाडले की हात काढून घ्या. पायाला गाल घासते तेव्हा ते लाडही करते आणि आपला वासही लावते. त्याच्या गालात वासाच्या ग्रंथी असतात. "हे माणूस माझे" अशी ती खूण असते. आपल्याला वाटते आपण मांजर पाळले. गुरगुर करते ते बहुधा सुखाने. पण फार आजारी असले, व्यायला लागले तरी ते गुरगुरते. आणि म्याव? मोठी मांजरे एकमेकांशी क्वचितच म्याव करतात. ते खास माणसांसाठी राखून ठेवलेले असते.

मांजरी साधारण नऊ आठवड्यांनी विते. तीन ते पाच पिल्ले होतात. आठ-दहा दिवसांनी त्यांचे डोळे उघडू लागतात. मग ती पिल्लांना तोंडात धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेते. "मांजर पिल्लांना सात घरे दाखवते" असे आपण म्हणतो. ती घरे दाखवत नाही, ती पिल्ले लपवते. एका जागी वास साठला, पिसवा झाल्या, पोरांनी सारखे डोकावले, बोक्याची चाहूल लागली, की ती जागा बदलते. परका बोका पिल्ले मारतो. तेव्हा पिल्लांना सारखे हाताळू नका, पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ माणसाच्या हाताची सवय लावा. ज्या पिल्लाला दोन महिन्यांपर्यंत माणसाचा हात लागला नाही ते पुढे बहुधा रानटीच राहते. आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नका. शिकार आईच शिकवते. पावसाळ्यात थंड चुलीत शिरून मांजरे निजतात. सकाळी जाळ करण्याआधी चुलीत हात फिरवून पाहा.

एका वर्षात मांजरी दोन-तीनदा विते. पाच-सहा महिन्यांची पोरसवदा मांजरीही गाभण राहते. हिशेब तुम्हीच करा. मग कोणी पिल्ले पोत्यात घालून बाजाराच्या कडेला सोडून येतात, कोणी नदीत टाकतात. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते असे म्हणणारीच माणसे पोते सोडून येतात. म्हणे आम्ही कुठे मारले! लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांतला प्रकार वेगळा. सुट्टीला आलेली मंडळी महिनाभर मांजराला मासे-चिकन घालतात, नाव ठेवतात, फोटो काढतात आणि बंगल्याला कुलूप लावून जातात. मग जूनमध्ये पाऊस कोसळू लागतो आणि ती मांजरे बंद दाराशी ओली होऊन बसलेली दिसतात. जनावरांच्या डॉक्टरांकडे मांजरीची शस्त्रक्रिया होते. तिला पुन्हा पिल्ले होत नाहीत आणि उंदीर धरण्यात काही कमी येत नाही. बोक्याची केली तर तो भटकणे आणि मारामारी कमी करतो.

घरात कोणी पोटुशी असेल तर तिने मांजराची घाण काढू नये. त्यातून पोटातल्या मुलाला रोग होऊ शकतो. दुसऱ्याने काढावी आणि हात धुवावेत. मांजर घराबाहेर घालवायची मात्र गरज नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ती नीट वाचा. पिसाळलेल्या कुत्र्याला आपण भितो. मांजरही पिसाळते. पिसाळलेला कुत्रा त्याला चावला की तोच रोग त्यालाही होतो. एकदा आमच्या चौथीतला एक मुलगा हाताला चिंधी गुंडाळून शाळेत आला. विचारले तर म्हणाला, अनोळखी मांजर गोठ्यात बसले होते, धरायला गेलो तर चावले. चिंधी सोडली. आत हळद आणि चुना भरला होता. मी त्याच्या आईला बोलावले. ती म्हणाली, "गुरुजी, मांजराचं काय एवढं? कुत्रं थोडंच हाय!"

मांजर शोधले. सापडले नाही. तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नव्हता. शाळेच्या नळाखाली त्याचा हात धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटे धुतला. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. पोरगे रडत होते. मग एस. टी. ने आम्ही तिघे सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे सुई फुकट मिळते. पहिली सुई त्याच दिवशी द्यायची असते. पुढच्या तारखा कागदावर लिहून देतात, त्या चुकवायच्या नसतात. जखम खोल असेल, रक्त आले असेल तर जखमेतही वेगळे औषध टोचतात. डॉक्टरांनी आईला सांगितले, "रोगाची लक्षणे एकदा दिसली की माणूस बहुधा वाचतच नाही. सुई आधी दिली तर रोग होत नाही." बाई घाबरली. पण भाताची लावणी चालू असताना एकही तारीख तिने चुकवली नाही. मजुरी बुडाली तरी आली.

जखमेवर हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नये. साबण आणि पाणी. पाळलेले मांजर चावले किंवा ओरबाडले तरी धुवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. आपल्या मांजराला तिसऱ्या महिन्यात रेबीजची सुई टोचून घ्यावी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा द्यावी.

तो मुलगा आता कामशेतला टेम्पो चालवतो. मनगटावरचे दोन दात अजून दिसतात. त्याच्या घरी कणगी आहे आणि दोन मांजरे आहेत. दोघांनाही सुई दिलेली आहे, आणि बाजारातून आलेल्या माशांची मुंडकी त्याची आई आधी त्यांना शिजवते.